बैलाच्या पाठीवरचे छिद्र : इनामगावच्या सुट्या मूर्तीविषयी

शिरूर तालुक्यातले इनामगाव घोड नदीच्या उजव्या काठावर आहे. पुण्यापासून पूर्वेला सुमारे ८५ किलोमीटर. गावाजवळ नदीकाठी पाच पांढरीची टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली इथे उत्खनन सुरू केले आणि ते १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम चालले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. १९८८ साली त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. इ.स.पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत इथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे या वस्तीचे तीन कालखंड मानले जातात. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी, पाण्याचा पाट आणि बांध, धान्याचे कोठार, कुंभाराच्या भट्ट्या, जमिनीखाली पुरलेली माणसे, असे अख्खे गावच्या गाव तिथे मातीखालून वर आले. भारतातल्या एखाद्या प्रागैतिहासिक खेड्याचे इतके तपशीलवार चित्र त्याआधी क्वचितच मिळाले होते.

या सगळ्या पसाऱ्यात एक शोध आकाराने अगदी लहान आहे. पूर्व जोर्वे काळातल्या, म्हणजे इ.स.पू. १३००च्या आसपासच्या एका घरात, जमिनीखाली पुरून ठेवलेले मातीचे एक लंबगोल पात्र सापडले. त्याला झाकण होते. पात्र आणि त्याच्यासोबतच्या वस्तू मिळून तीन मूर्तींचा संच होता : डोके असलेली एक स्त्री, डोके नसलेली एक स्त्री आणि एक बैल. तिन्ही कच्च्या मातीच्या, न भाजलेल्या. डोके नसलेल्या स्त्रीच्या पोटाशी एक छिद्र होते आणि बैलाच्या पाठीवरही एक छिद्र होते. दोन्ही छिद्रांतून एक काडी घातली की ती स्त्री बैलावर आरूढ होते. काडी काढली की बैल वेगळा, बाई वेगळी. दोघांनाही ओरखडासुद्धा उमटत नाही.

बिनडोक्याच्या देवीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या दोन छिद्रांकडे मात्र जाता जाता पाहिले जाते : देवी बैलावर बसत असे याचा पुरावा एवढेच त्यांचे काम. मला वाटते, ती छिद्रे याहून बरेच काही सांगतात. तुटलेली वस्तू आणि सुटी होणारी वस्तू यांत फरक कसा करायचा, हा पुरातत्त्वातला रोजचा प्रश्न आहे, आणि इनामगावच्या या मूर्तीने त्याचे एक स्वच्छ उत्तर दिले आहे.

०००

मातीच्या मूर्ती उत्खननात बहुधा मोडक्याच मिळतात. त्यातही मान हा सगळ्यांत कमजोर भाग. त्यामुळे धड मिळाले आणि डोके मिळाले नाही, तर ते तुटून हरवले असे धरून चालणे हेच सामान्यतः शहाणपणाचे असते. इनामगावच्या बाबतीत मात्र अभ्यासकांनी ही स्त्री मुळातच बिनडोक्याची घडवलेली आहे असे मानले. एक तर ती मोडक्या खापरांच्या उकिरड्यात पडलेली नव्हती. झाकणाच्या पात्रासोबत, संचातली एक म्हणून, जपून ठेवलेली होती. दुसरे म्हणजे तिच्या जोडीला डोके असलेली मूर्तीही होती. ज्याला डोके घडवता येत होते, त्याने एकीला ते दिले आणि दुसरीला दिले नाही. तिसरे म्हणजे अशी ती एकटी नाही. इनामगावला आणि नेवाशालाही डोके नसलेल्या स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत.

आता छिद्रांकडे पाहू. कच्च्या मातीशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला एक गोष्ट ठाऊक असते : वाळलेल्या, न भाजलेल्या मातीत भोक पाडायला गेले की ती भुगा होते किंवा तडकते. भोक पाडायचे ते माती ओली असतानाच. म्हणजे बाई आणि बैल पुढे जोडायचे आहेत, हे दोन्ही मूर्ती घडवताना ठरलेले होते. नंतर कोणाला तरी सुचले म्हणून केलेली ती जोडणी नव्हे. दुसरी गोष्ट अशी की माती वाळताना आकसते. साधारणपणे शंभराला पाच ते दहा या प्रमाणात. आत काडी तशीच ठेवून मूर्ती वाळवली, तर माती आकसते, काडी आकसत नाही, आणि मूर्ती काडीच्या कडेने चिरते. म्हणून काडी वाळण्याआधी काढून घ्यावी लागते. दोन्ही भाग सुटे वाळवायचे आणि मग त्या आकसलेल्या भोकांत बसेल अशी, जरा बारीक काडी घालून जोडायचे, हीच यातली सरळ रीत.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो मला महत्त्वाचा वाटतो. या संचाची मूळ अवस्था सुटेपणाची आहे. जोडणे ही प्रसंगाने करायची कृती आहे. कायमची बैलावर बसलेली देवी हवी असती, तर ओल्या मातीचे दोन गोळे एकमेकांवर दाबून, बोटाने लिंपून एकजीव करणे कितीतरी सोपे होते. ज्या हाताला स्तनांचा भार आणि बैलाचे वशिंड घडवता येत होते, त्याला ते अवघड नव्हते. तरीही त्याने अधिक कटकटीचा मार्ग निवडला. त्याला ही देवी बैलावर चढवायचीही होती आणि उतरवायचीही होती.

०००

अशी जोडणी या माणसांना कुठून सुचली, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ही शेतकऱ्यांची वस्ती होती आणि शेतकऱ्याचे सगळे सामान सुटे होणारे असते. जू वेगळे, त्याच्या शिवळा वेगळ्या, जोते वेगळे. शिवळ काढली की बैल मोकळा. नांगराचा फाळ झिजतो, म्हणून तो लाकडापासून वेगळा करता यावा लागतो. दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमावर वाळकी हे गाव आहे. तिथेही जोर्वे काळातली लहानशी शेतकरी वस्ती होती, आणि तिथल्या उत्खननात बैलाच्या जाड हाडापासून केलेला, नांगराच्या फाळासारखा एक अवयव मिळाला. इनामगावचे कसबी लोक गावाच्या पश्चिम अंगाला राहत : कुंभार, सोनार, मणी घडवणारे, हस्तिदंताचे काम करणारे. मणी घडवणाऱ्याचा सारा व्यवसायच बारीक, सरळ भोक पाडण्यावर चालतो. भोक, काडी आणि खोबण ही या गावाची रोजची भाषा होती. मूर्तिकाराने तीच भाषा मूर्तीसाठी वापरली.

सुट्या भागांच्या लहान मूर्तींची परंपरा तर याहून जुनी आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथे मातीचे बैल मिळाले आहेत. त्यांतल्या काहींचे डोके वेगळे घडवलेले असे आणि दोरी ओढली की ते मान डोलवल्यासारखे हले. मातीच्या गाड्यांचा साटा एक आणि चाके वेगळी, मधला आस लाकडी काडीचा. आस कुजून गेला, म्हणून आज संग्रहालयात साटा आणि चाके वेगवेगळी दिसतात. त्यांना आपण बिनदिक्कत खेळणी म्हणतो.

आपल्याकडच्या दायमाबादचे उदाहरण अधिक बोलके आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे खोड उकरताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या : दोन बैल जुंपलेला आणि उभा सारथी असलेला रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. रथ ४५ सेंटिमीटर लांबीचा. चारही वस्तूंचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. जनावरे पाटावर उभी, आणि पाट चाकांवर. हत्तीच्या पाटाखाली आस घालण्यासाठी भोके असलेल्या कड्या आहेत, पण त्याचे आस आणि चाके मिळाली नाहीत. घडण पाहिली तर ही ओढायची खेळणीच. वजन पाहिले तर कुठल्या मुलाला ती ओढवणार, असा प्रश्न पडतो. बहुतेक अभ्यासक त्यांना मिरवणुकीतल्या किंवा पूजेतल्या वस्तू मानतात. खेळण्याची रचना आणि देवाचे काम एकाच वस्तूत असू शकते, हे दायमाबादने दाखवून दिले.

०००

मग इनामगावची बाई आणि बैल ही खेळणी का नसावीत? हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण गेल्या शतकात मातीची प्रत्येक स्त्रीमूर्ती ही ‘मातृदेवता’ मानण्याची जगभर सवय पडली होती. १९६८ साली, म्हणजे इनामगावचे उत्खनन सुरू झाले त्याच वर्षी, पीटर उको या इंग्रज अभ्यासकाचे इजिप्त आणि क्रीटमधल्या प्राचीन मूर्तींवरचे पुस्तक आले. त्याने या सवयीला जोरदार आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : काही मूर्ती मुलांच्या बाहुल्या असतील, काही मुलामुलींना वयात येताना शिकवण्याची साधने असतील, काही मूल व्हावे म्हणून केलेल्या तोडग्यातल्या असतील; प्रत्येक मूर्ती कुठे सापडली, कशाबरोबर सापडली आणि तिची झीज कशी झाली आहे, हे पाहूनच बोलावे.

उकोची कसोटी इनामगावला लावू. मूर्ती कुठे सापडली? जमिनीखाली पुरलेल्या पात्रासोबत. मुलाचे खेळणे अंगणात हरवते, चुलीजवळ तुटते, उकिरड्यावर जाते; ते झाकणाच्या पात्रासह कोणी जमिनीखाली पुरत नाही. कशाची बनवली? कच्च्या मातीची. हा मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. जोर्वेची भांडी पातळ, लाल, त्यांवर काळी नक्षी आणि टिचकी मारली तर धातूसारखी खणखणणारी असतात. इतके उत्तम भाजणारे कुंभार ज्या गावात होते, त्या गावात ही मूर्ती न भाजता ठेवली गेली, ती साधनांच्या अभावी खास नव्हे. रोज हाताळायचे खेळणे भाजून टणक करणे सोयीचे असते. जी मूर्ती थोडा काळ पुजायची आणि मग मातीत परत द्यायची, ती कच्चीच ठेवतात. पार्थिव गणपती आपण अजूनही भाजत नाही.

तेव्हा ही मूर्ती पूजेची होती, असे म्हणायला सबळ आधार आहे. पण तिची घडण खेळण्याची आहे हेही खरेच. या दोन विधानांत विरोध वाटतो, तो आपल्या आजच्या वर्गवारीमुळे. देवाला हाताळायचे नाही, खेळण्याला हाताळायचे, अशी एक सीमारेषा आपण मनात आखतो. आपल्या घरांतला व्यवहार मात्र ती रेषा फारशी पाळत नाही.

०००

भाद्रपदातल्या मुखवट्याच्या गौरींचे उदाहरण घ्या. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. मुखवटा पितळेचा, शाडूचा किंवा कापडाचा. त्याखाली लोखंडी सांगाडा, धान्याची कोठी किंवा एकावर एक रचलेले डबे. त्यावर साडी, दागिने, कुठे वेगळे जोडलेले हात. दर वर्षी साडी नवी, कोठीतले धान्य नवे, मुखवटा मात्र सासूकडून सुनेकडे आलेला. तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून मुखवटा जागच्या जागी किंचित हलवला की देवी गेली. मग तो उतरवायचा, मऊ कापडात गुंडाळायचा आणि पेटीत ठेवायचा. मोडतोड काही नाही. देवी आली, बसली, जेवली आणि सुटी होऊन पेटीत गेली. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरीला खंडोबाच्या लिंगावर मुखवटा चढतो आणि उतरतो, तोही याच व्यवहाराचा भाग.

गौरीचे डोके टिकते आणि धड दर वर्षी नव्याने रचले जाते. इनामगावच्या देवीला धड आहे, डोकेच नाही. दोघींत तीन हजार वर्षांचे अंतर आहे आणि त्यांच्यात सरळ वंशावळ दाखवता येणार नाही. तरी एक समज दोन्हीकडे समान दिसते : देवी पूर्ण असण्यासाठी तिचे शरीर अखंड असण्याची गरज नाही. जो भाग हवा तो जोडावा, काम झाले की उतरवावा.

ही समज महाराष्ट्राच्या देवीकथांत वारंवार येते. माहूरची रेणुका केवळ मुखाच्या रूपात पुजली जाते. परशुरामाने आईचे मस्तक उडवले ही कथा सर्वांना माहीत आहे. दक्षिणेकडच्या लोककथांत त्याची पुढची पायरी सांगतात : मातंगीचेही मस्तक उडाले आणि जिवंत करताना दोघींची मस्तके बदलली. याच्या उलट, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून मिळणाऱ्या लज्जागौरीच्या शिल्पांत धड आहे आणि डोक्याच्या जागी पुष्कळदा कमळ आहे. सांकलियांनी १९६० सालीच या नग्न देवतेचा माग पश्चिम आशियापासून आग्नेय आशियापर्यंत काढला होता. रा. चिं. ढेरे यांचे ‘लज्जागौरी’ १९७८ साली आले आणि हा विषय मराठी वाचकांच्या घरात पोहोचला. ढवळीकरांनी इनामगावच्या देवीची सांगड शाकंभरीशी, म्हणजे अंगातून धान्य-भाजी उगवणाऱ्या देवीशी घातली. ही नावे पुष्कळ नंतरच्या ग्रंथांतली आहेत, इ.स.पू. १३००च्या शेतकऱ्याने आपल्या देवीला काय हाक मारली असेल ते सांगायला लिपीच नाही. पण डोके हा देवीचा बदलता किंवा वगळता येणारा भाग आहे, ही कल्पना मात्र या प्रदेशात खोल रुजलेली दिसते.

इथे एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. तुर्कस्तानातल्या चातालहुयुक या नवाश्मयुगीन गावात, इ.स.पू. ७१०० ते ६०००च्या सुमारास, मानेत खोबण असलेल्या लहान मूर्ती मिळाल्या आहेत. त्या खोबणीत डोके बसवता आणि काढता येत असावे, बहुधा बदलताही येत असावे, असे लिन मेस्केल आणि कॅरोलिन नाकामुरा यांनी मांडले आहे. त्याच गावात घराच्या जमिनीखाली पुरलेल्या काही मृतांची कवटी नंतर काढून घेतलेली आढळते. म्हणजे मूर्तीच्या शरीराशी होणारा व्यवहार माणसाच्या शरीराशीही होत होता.

इनामगावच्या दफनांकडे या नजरेने पाहिले की थबकायला होते. इथे प्रौढ माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेला चालत निघून जाऊ नये, घरातच राहावा, अशी त्यामागची भावना असावी असे उत्खननकर्त्यांनी सुचवले. अपवाद आहेत, चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या, गावचा प्रमुख मानल्या गेलेल्या माणसाचे पाय शाबूत होते. दफनांत सर्वांत जास्त संख्या लहान मुलांची आहे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत मूल ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, ही रीत. ज्या जमिनीखाली देवीचे पात्र पुरले, तशाच जमिनींखाली या गावाने आपली मुले पुरली. दोन मडक्यांत झाकलेले मूल आणि झाकणाच्या पात्राशी ठेवलेली देवी, या दोन गोष्टी एकमेकींचा अर्थ लावतात असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण जिथे इतकी मुले दगावत होती, तिथे मूल वाचावे म्हणून देवीला बैलावर बसवून बोलावणारी आणि काम झाल्यावर उतरवून जमिनीत ठेवणारी माणसे होती, असे म्हणणे पुराव्याला सोडून होणार नाही.

चातालहुयुकशी तुलना करताना एक फरकही दिसतो. तिथली खोबण मानेत आहे. तिथे डोके बदलायचे आहे. इनामगावची नोंद पोटातल्या छिद्राची आहे; इथे डोक्याचा प्रश्नच नाही, वाहनाचा आहे. ज्याला खोबण कशी करायची ते येत होते, त्याने ती डोक्यासाठी न वापरता बैलासाठी वापरली. देवीला डोके नको होते, पण तिला बैल हवा होता, आणि तोही कायमचा नको, वेळेपुरता.

०००

सुटे करण्याची ही कला पुढे मातीकामात मागे पडत गेली. सातवाहन काळातल्या तेरच्या मूर्ती पाहा. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्या साच्यात दाबायचा आणि दोन्ही अर्ध चिकटवून भाजायचे. आतून पोकळ, बाहेरून देखण्या. त्याही जोडलेल्याच मूर्ती. पण हा सांधा एकदा बसला की उघडायचा नाही. उघडला तर मूर्ती फुटली. एका साच्यातून एकसारख्या अनेक मूर्ती निघू लागल्या, भाग बदलण्याचे कारण उरले नाही. बदलत्या भागांची रीत मग मुखवटे, बाहुल्या आणि कापड-लाकडाच्या वस्तूंकडे गेली. विसाव्या शतकात ती पुन्हा कारखान्यात अवतरली. डोके, हात आणि पाय सुटे होणारी लेगोची छोटी माणसे डेन्मार्कमध्ये १९७८ साली बाजारात आली, तेव्हा घोडेच्या काठी उत्खननाचे हंगाम चालूच होते.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आजही याच दोन रीतींच्या मधे उभे असतात. साच्यातून निघालेला मावळा एकजिनसी असतो. त्याचे डोके उडाले की घरातले कोणीतरी काडेपेटीची काडी आणि चिमूटभर माती घेऊन ते बसवते. हा दुरुस्तीचा सांधा. भाल्यासाठी मुठीत मुळातच ठेवलेले भोक हा घडणीचा सांधा. दोन्हीकडे काडीच आहे, पण एक काडी मोडल्याची खूण आहे आणि दुसरी मूळ बेताची. हजार वर्षांनी कोणाला असा मावळा मिळाला, तर काडी कुठल्या जातीची हे ओळखण्यावरच त्याचे वाचन अवलंबून राहील.

०००

सुट्या वस्तूला एक मोठा धोका असतो. ती न मोडताही हरवू शकते. बाई एकीकडे आणि बैल दुसरीकडे गेला, तर दोन्ही वस्तू शाबूत राहतात आणि तरीही मूर्ती नाहीशी होते. बैल मग शेकडो बैलांतला एक. त्याच्या पाठीवरचे छिद्र दोरी ओवण्याचे ठरते. बाई मोडक्या बाहुल्यांत जमा होते. तिच्या पोटातले छिद्र नाभी ठरते. इनामगावला तसे झाले नाही याचे कारण एवढेच की माती थराथराने, हळूहळू काढली गेली आणि जे जिथे होते तिथे आधी पाहिले, मोजले, मग उचलले.

दायमाबादच्या ब्राँझ वस्तूंचे नशीब वेगळे. त्या धातूच्या, घडीव आणि देखण्या. पण त्या खोड उकरताना वर आल्या. कुठल्या थरात होत्या, शेजारी काय होते, हे कळायचा मार्ग तिथेच बंद झाला. साळींनी तिथे पुढे १९७५ ते १९७९ उत्खनन केले आणि त्या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या. डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या घटकांवरून शंका घेतली. वाद अजून पुरता मिटलेला नाही. साठ किलो ब्राँझला जे सांगता आले नाही, ते ओंजळभर कच्च्या मातीने सांगितले. कारण तिचे शेजार शाबूत राहिले होते.

हा मुद्दा शिरूर आणि दौंडच्या आजच्या रहिवाशांच्या दाराशी येऊन थांबतो. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी पांढरीची टेकाडे होती आणि काही अजून आहेत. पांढरीची माती धाब्याला चांगली, शेताला चांगली, म्हणून ती पिढ्यान् पिढ्या गाड्या भरून नेली गेली. आता ते काम यंत्राने होते. ऊस आला, जमिनी सपाट झाल्या, नदीचे काठ खणले गेले. यंत्राच्या दात्यांत भाजलेले खापर तुकड्या-तुकड्याने का होईना टिकते. कच्च्या मातीची मूर्ती मात्र मातीतच मिसळून जाते, ती होती हेही कळत नाही. आणि एखादी जरी हाती आली, तरी घरी नेऊन देव्हाऱ्यात किंवा कपाटात ठेवलेला तो बैल आपल्या बाईपासून कायमचा तुटलेला असतो.

म्हणून टेकाडावर असे काही दिसले तर ते न उचलता, जागा तशीच राखून, डेक्कन कॉलेजला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवणे, हीच त्या वस्तूची खरी जपणूक. इ.स.पू. १३००च्या सुमारास इनामगावच्या एका घरात कोणीतरी काडी काढून देवी उतरवली, बैल तिच्याजवळच ठेवला, पात्रावर झाकण घातले आणि सारे जमिनीखाली पुरले. सुटे झालेले भाग एकमेकांपासून दूर जाऊ द्यायचे नाहीत, एवढी काळजी त्या माणसाने घेतली होती. उत्खननाच्या हातांनी ती पुढे चालवली. घोडेच्या आणि भीमेच्या काठच्या उरलेल्या पांढरींत अजून काय काय असे जोडीने ठेवलेले आहे, ते तिथेच, जोडीने राहू देणे आपल्या हातात आहे.